सिकलसेलची मोफत औषधे आणि स्थलांतर

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. दोघांकडून दोष आला तर मूल ‘एसएस पॅटर्न’चे, म्हणजे रुग्ण, एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. भारतात याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तो आदिवासी व अनुसूचित जातींच्या कुटुंबांत आढळतो. वाहकाला सहसा औषध लागत नाही. रुग्णाला मात्र ते जन्मभर लागते: फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, गरजेनुसार हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल, दुखण्याचा झटका आला की वेदनाशामक आणि सलाईन, कधी रक्त. त्यामुळे हे औषध कुठे फुकट मिळते आणि माणूस गाव सोडून गेला की त्याचे काय होते, हा प्रश्न रुग्णाच्या रोजच्या जगण्याचा आहे.

हायड्रॉक्सियुरियामुळे रक्तातील गर्भावस्थेतील प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते, तांबड्या पेशी कमी वाकतात आणि झटके विरळ होतात. हा परिणाम दिसायला काही महिने जातात आणि कॅप्सूल बंद केली की तो ओसरतो. शिवाय या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावीच लागते. तपासणीची सोय नसेल तर कॅप्सूल फुकट असूनही डॉक्टर ती द्यायला कचरतात. मोफत औषधाच्या योजनेत ही बाजू नेहमी लंगडी राहते.

या जंगलपट्ट्याचे उदाहरण म्हणजे आलापल्ली, गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यातील चौरस्त्याचे गाव. सिरोंचा, भामरागड आणि एटापल्लीकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. या भागातील रुग्णाची पहिली चाचणी बहुधा आरोग्यसेविका किंवा आशाताईंमार्फत होते. ती दोषदर्शक निघाली तर नेमका पॅटर्न ठरवायला नमुना पुढे पाठवतात. नंतर रुग्णाला कार्ड मिळते आणि औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयातून दिली जातात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात १७ राज्ये असून ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे.

या पट्ट्यातले मजूर उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जातात. दिवसभर उन्हात वाकून काम, पिण्याला पाणी कमी, रात्री शेतातच मुक्काम: शरीरातील पाणी घटणे, थकवा आणि गारठा ही झटक्याची नेहमीची कारणे तिथे एकत्र येतात. तेलंगणा अभियानात आहे, पण वाटप नोंदवहीवर चालते आणि मजुराचे नाव गावाकडच्या नोंदवहीत असते. मुक्कामापुरत्या गोळ्या निघतानाच घेणे आणि कार्डासोबत केसपेपर नेणे हा त्यावरचा साधा उपाय. मुंबई-पुण्यात स्थायिक होणाऱ्यांची अडचण निराळी: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने महाराष्ट्राचा २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय त्या रुग्णालयांना लागू नाही. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे आणि त्याखालील प्रमाणपत्र देशभर चालते.

देशाबाहेर गेल्यावर हा धागा तुटतो. भारतातील कार्ड तिकडे हक्क म्हणून चालत नाही. निदान सांगणारा कागद एवढेच त्याचे मोल. ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तेथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाणारा आरोग्य अधिभार भरतो, तिथल्या स्थानिक डॉक्टरकडे नाव नोंदवतो आणि सरकारी आरोग्यसेवेच्या कक्षेत येतो. पण इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीतील प्रत्येक औषधामागे शुल्क आहे. मे २०२४ पासून ते ९.९० पौंड. काही आजारांना त्यातून सूट मिळते. ही यादी १९६८ ची. मधुमेहावर औषध घेणारे, थायरॉईड कमी असल्याने गोळी घेणारे, अपस्मार असलेले तिच्यात बसतात, आणि त्यांना इतर आजारांची औषधेही फुकट मिळतात. २००९ मध्ये कर्करोगाची भर पडली. सिकलसेल मात्र यादीत नाही. परिणामी थायरॉईडची गोळी घेणाऱ्या मराठी गृहिणीला सगळी औषधे मोफत, आणि सिकलसेलचा रुग्ण लहानपणी वयामुळे शुल्कमुक्त असला तरी मोठा झाला की पैसे भरतो. वैद्यकीयदृष्ट्या या भेदाला आधार सापडत नाही. यादी जुनी राहिली एवढेच.

इंग्लंडमध्ये अशा रुग्णाला आगाऊ शुल्क भरून वर्षाचे प्रमाणपत्र घेता येते. ११४.५० पौंडांत कितीही औषधे मिळतात, म्हणजे वर्षात बारा किंवा अधिक औषधे लागत असतील तर ते परवडते. वेल्समध्ये २००७, उत्तर आयर्लंडमध्ये २०१० आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीचे शुल्कच नाही. जाताना पॅटर्न दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल, अलीकडच्या रक्ततपासण्या, कधी रक्त चढवले त्याची नोंद आणि औषधाचे मूळ नाव व मात्रा लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी जवळ असावी. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सियुरिया ‘हायड्रॉक्सीकार्बामाइड’ या नावाने मिळते.