प्लेगचा जंतू वेश बदलतो तेव्हा

लिंबागणेश ज्या बीड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील मामला गावात ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. शरीराला स्वतःचे पहारेकरी असताना हा जंतू आत शिरून इतका वाढतो कसा? या प्रश्नाचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भक्षक पेशी जमलेल्या दिसल्या. मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला. जंतू तर मेलेले होते. मग ताप कशाने आला?

जंतू मेला तरी त्याच्या आवरणातील मेद आणि शर्करा यांचा एक संयुक्त रेणू उष्णतेने सहसा नष्ट होत नाही. आपल्या पेशी तो ओळखतात. पण कशाच्या साहाय्याने? जन्मजात प्रतिकारयंत्रणेकडे जंतूंची ठरावीक खूण ओळखणारे ग्राहक असले पाहिजेत, असे जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडले. १९९६ मध्ये हॉफमन यांच्या गटाला फळमाशीतील ‘टोल’ जनुक बुरशीपासून रक्षण करते असे आढळले. १९९८ मध्ये बॉयटलर यांच्या गटाने उंदरांमध्ये या रेणूला ओळखणारा टोलसदृश ग्राहक शोधला. २०११ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात हे दोघेही होते. या ग्राहकाने इशारा दिला की ताप येतो, सूज येते, भक्षक पेशी धावून येतात.

प्लेगचा जंतू नेमका येथेच फसवतो. पिसवेच्या थंड शरीरात त्याच्या या रेणूला मेदाम्लांच्या सहा साखळ्या असतात. माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात तो प्रामुख्याने चारच साखळ्यांचा रेणू बनवतो. सहा साखळ्या ग्राहकाला चटकन कळतात, चार जवळजवळ कळत नाहीत. २००६ मध्ये संशोधकांनी ३७ अंशांनाही सहा साखळ्या बनवणारा प्लेगजंतू तयार केला. त्याने उंदीर मेले नाहीत. उलट ते खऱ्या प्लेगपासून सुरक्षित झाले.

म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवू, की प्रतिकारशक्ती शिकवताना ती केवळ ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असते असे सांगू नये. शत्रू वेळेवर ओळखला जाणे तितकेच महत्त्वाचे असते. प्लेगमध्ये शरीराचा इशारा उशिरा येतो, पण प्रतिजैविके लवकर मिळाली तर रुग्ण वाचतो. तेव्हा गावात उंदीर पटापट मरू लागले, तर ती खबर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोचली पाहिजे.