माघारीची किंमत

युद्धाचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष चढाईकडे लागलेलें असतें. माघारीचें प्रकरण आपण घाईनें उलटतों. वस्तुतः सेनेची खरी परीक्षा माघारींतच होते. १९४० च्या मे-जूनमध्यें डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक सुखरूप निघाले. तो विजय खास नव्हता. परंतु एवढीं माणसें हातचीं गेलीं असतीं, तर पुढील विजयाची उमेद तरी कोणी धरली असती?

हा विचार आम्हांस सुचला तो घरांतील एका तरुणाचा संगणकावरील युद्धखेळ पाहतांना. 'कंपनी ऑफ हीरोज २' हा २०१३ सालीं निघालेला खेळ रशिया-जर्मनी युद्धावर रचिलेला आहे. त्यांत एक कळ दाबतांच तुकडी लढणें सोडून ठाण्याकडे धांवत सुटते. जीव वांचतो, उणी माणसें भरून काढतां येतात, मात्र जिंकलेली जागा सुटते. पक्षांचें पारडें सम राखावें आणि तरीही प्रत्येकाची प्रकृति निराळी दिसावी, हें रचनाकारापुढील कोडें होय. या खेळाच्या कथाभागांत मागें फिरणारे रशियन शिपाई स्वकीयांच्याच गोळ्यांस बळी पडतांना दाखविले आहेत. त्यावरून रशियांत क्षोभ उसळला व २०१३ मध्यें तेथील विक्री थांबविण्यांत आली.

येथें इतिहासाची साक्ष काय आहे? २८ जुलै १९४२ रोजीं, रोस्तोव्ह पडल्यानंतर, स्टॅलिननें आपला २२७ क्रमांकाचा हुकूम काढला. वरिष्ठांच्या आज्ञेवांचून मागें हटणें हा त्यानें अपराध ठरविला. आज्ञेनें घेतलेली माघार नव्हे. दंडतुकड्या उभारल्या गेल्या, आणि पिछाडीस अडवणूक करणारीं पथकें नेमलीं गेलीं. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या अवधींत या पथकांनीं १,४०,७५५ माणसें अडविलीं, असें रशियाचेंच गुप्त टिपण सांगतें. त्यांपैकीं १,१८९ जणांस गोळ्या घातल्या. १,३१,०९४ जणांस आपापल्या तुकड्यांत वा भरतीच्या ठिकाणीं परत धाडलें. लष्करी न्यायासनांच्या शिक्षा याहून वेगळ्या. हा हुकूम क्रूर होता यांत शंका नाहीं. परंतु प्रत्येक माघारीमागें बंदूक रोखलेली होती, हें चित्रही खरें नव्हे.

आतां दुसरें पारडें पाहूं. डिसेंबर १९४१ मध्यें मॉस्कोसमोर हिटलरनें माघारीस बंदी केली. जर्मनांनींही दंडतुकड्या उभारल्या होत्या. किंबहुना स्टॅलिननें आपल्या हुकुमांत त्यांचाच दाखला दिला आहे. जर्मन लष्करी न्यायालयांनीं आपल्याच हजारों शिपायांस मृत्युदंड दिला. नोव्हेंबर १९४२ मध्यें स्टॅलिनग्राडला वेढा पडला असतां तो फोडून निघण्याची परवानगी हिटलरनें नाकारली. २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत शरण आलेल्या सुमारें ९१ हजारांपैकीं पांच-सहा हजारच पुढें घरीं परतले.

तेव्हां माघारीचा दंड एकाच पक्षाच्या माथीं मारणें हा केवळ खेळांतील असमतोल नव्हे. तो मृतांवरील अन्याय आहे. आमच्या त्या तरुणानें विचारलें, "मग दोघांनाही सारखाच दंड ठेवावा काय?" आमचें उत्तर असें कीं, सारखेपणा संख्येंत नसावा, न्यायांत असावा. रशियन शिपायामागील भय दाखवा, तसेंच स्टॅलिनग्राडांतील जर्मनाला बंद झालेली वाटही दाखवा. कळ दाबून परत येणें हें भाग्य त्या बर्फांत अनेकांस लाभलें नाहीं, एवढें जरी खेळणाऱ्याच्या ध्यानीं राहिलें, तरी त्या करमणुकींतून थोडा इतिहास हातीं लागला असें आम्ही म्हणूं.