सेंट्रल पार्कमधले पक्षी आणि कॅमेरा

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ८४३ एकरांवर पसरले आहे; दादरच्या शिवाजी पार्कएवढी तीसेक मैदाने त्यात सहज बसतील. ते जंगलाचा उरलेला तुकडा वाटते, पण त्यातले फारच थोडे आपोआप उगवलेले आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्या १८५८च्या आराखड्यानुसार दलदलीच्या जागी तळी आली आणि झाडे बाहेरून आणून लावली गेली. सेनेका व्हिलेजसारख्या वस्त्या त्याआधीच उठवल्या होत्या. ‘रॅम्बल’ नावाचा सुमारे ३६ एकरांचा भाग तर मुद्दाम रान भासावा अशा बेतानेच रचलेला आहे. पक्ष्यांना हा बनाव पुरतो. अटलांटिक किनाऱ्याने स्थलांतर करणारे असंख्य लहान पक्षी रात्री उडतात, आणि पहाटे उतरायची वेळ झाली की इमारतींच्या पसाऱ्यात त्यांना हाच मोठा हिरवा पट्टा दिसतो. त्यामुळे मे महिन्यात रॅम्बलमधल्या झाडांवर वॉर्बलरांची दाटी होते. या उद्यानात आजवर २७०हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. जातीची खात्री हवी असेल तर पक्षी मारून हातात घ्यायचा, हा शास्त्राचा दंडक होता. दुसरीकडे फॅशनचा बाजार होता. पक्षीनिरीक्षक फ्रँक चॅपमन यांनी १८८६ साली मॅनहॅटनच्या खरेदीच्या रस्त्यांवर दोन फेऱ्या मारून बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे किंवा पक्ष्यांचे अवयव होते, आणि त्यांत ४० जाती चॅपमन यांना ओळखता आल्या. शहरातल्या पक्ष्यांची ही बहुधा सर्वांत विषण्ण यादी असावी. दोनच वर्षांनी चॅपमन पार्कच्या पश्चिम कडेला असलेल्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत रुजू झाले आणि पुढची अनेक दशके तिथेच राहिले.

बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन शिकार करा, असा आग्रह धरणाऱ्यांत चॅपमन अग्रभागी होते. त्यांचे ‘बर्ड स्टडीज विथ अ कॅमेरा’ हे पुस्तक १९०० साली निघाले. त्याच वर्षीच्या नाताळात त्यांनी आणखी एक प्रथा पाडली. नाताळच्या दिवशी जास्तीत जास्त पक्षी कोण मारतो अशा स्पर्धा तेव्हा होत. त्याऐवजी पक्षी नुसते मोजा, असे चॅपमन यांनी सुचवले. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. त्या ठिकाणांत सेंट्रल पार्कही होते, आणि ही मोजणी आजही दरवर्षी होते.

छायाचित्रे मात्र या उद्यानात सहजी निघण्यासारखी नव्हती. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाई आणि काचेच्या प्लेटा. पेटी घरट्याजवळ मांडायची, झाडीत दडून बसायचे आणि दोरी किंवा रबरी नळीने दुरूनच शटर उघडायचे, अशी रीत होती. पक्षी ठरावीक जागी परत येणार असेल तरच ती उपयोगी पडे. सेंट्रल पार्कचे खरे वैभव तर पाहुण्या पक्ष्यांचे. दहा ग्रॅमचा वॉर्बलर उंच शेंड्यावर क्षणभरही स्थिर नसतो आणि दोन-चार दिवसांत पुढे निघून जातो. म्हणून विसाव्या शतकाचा पूर्वार्ध इथे कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणीचा ठरला. लुडलो ग्रिस्कम यांनी १९२३ साली न्यूयॉर्क परिसरातल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले आणि पक्षी न मारता रंग, आकार व हालचालींवरून तो अचूक ओळखता येतो हे शिकवले. त्याच वातावरणात घडलेल्या रॉजर टोरी पीटरसन यांची प्रसिद्ध पक्षी-मार्गदर्शिका १९३४ साली आली.

रंगीत फिल्म आली तरी अडचण सरली नाही. १९३५चे कोडाक्रोम इतके मंद होते की रॅम्बलच्या सावलीत उडता पक्षी टिपणे अशक्यच होते. एलियट पोर्टर यांनी फ्लॅशच्या झोतात काढलेली पक्ष्यांची रंगीत छायाचित्रे १९४३ साली पार्कपासून पायी जाण्याच्या अंतरावरील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागली, पण तीही बहुतांशी घरट्यांजवळचीच. १९५९च्या निकॉन एफनंतर लांब पल्ल्याच्या लेन्स हौशी माणसाच्या हाती येऊ लागल्या. १९८५च्या मिनोल्टा ७०००ने ऑटोफोकस रूढ केले, आणि अस्थिर पक्ष्याशी पहिल्यांदाच बरोबरीचा सामना सुरू झाला.

या साऱ्या साधनांना खरा नायक मिळाला तो १९९०च्या दशकात. फिकट रंगाचा एक रेड-टेल्ड हॉक नर १९९१ साली पार्कमध्ये दिसू लागला. पुढे त्याने फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका श्रीमंती इमारतीच्या बाराव्या मजल्यावरील कठड्यावर घरटे केले आणि १९९५ साली तिथे पिल्ले निघाली. निरीक्षकांनी त्याला ‘पेल मेल’ म्हटले. खेळण्यातल्या होड्यांच्या तळ्याकाठी दुर्बिणी आणि मोठाल्या लेन्स घेऊन माणसे तासन्‌तास बसू लागली. मेरी विन यांनी १९९८ साली त्याच्यावर ‘रेड-टेल्स इन लव्ह’ हे पुस्तक लिहिले. तोवर छायाचित्र असे ते जातीचे. आता एका विशिष्ट पक्ष्याचा जीवनपट वर्षानुवर्षे टिपला जात होता. ही बदललेली दृष्टी भिंगांतल्या सुधारणांपेक्षा मोठी म्हणायला हवी. तिचे बळ डिसेंबर २००४ मध्ये दिसले. इमारतीच्या व्यवस्थापनाने घरटे काढून टाकले तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहिले, वृत्तपत्रांनी विषय उचलून धरला, आणि त्याच महिन्यात घरट्याला आधार देणारे खिळे परत बसवावे लागले.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च संपवला आणि समाजमाध्यमांनी पक्ष्याचा ठावठिकाणा लपून राहू दिला नाही. २०१८च्या शरद ऋतूत एका मँडरिन बदकासाठी तळ्याकाठी रांगा लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये आर्क्टिक प्रदेशातले पांढरे घुबड १८९० नंतर प्रथमच पार्कमध्ये उतरले आणि तासाभरात गर्दी झाली. निजलेल्या घुबडाचा पत्ता जाहीर करावा की नाही, यावर निरीक्षकांत कडाक्याचे वाद झाले. जाहीर करू नये म्हणणाऱ्यांची बाजू सबळ होती, कारण गर्दीने उठवलेल्या निशाचराची विश्रांती मोडते. तरी ‘बॅरी’ नावाची घुबडमादी ऑगस्ट २०२१ मध्ये गेली ती उद्यानाच्याच देखभालीच्या वाहनाची धडक बसून. ‘फ्लॅको’ हे युरेशियन ईगल आउल २ फेब्रुवारी २०२३ रोजी पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाची जाळी कुणीतरी कापल्याने बाहेर पडले, वर्षभर मोकळे राहिले आणि हजारो छायाचित्रांत उतरले. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी ते एका इमारतीजवळ पडलेले आढळले आणि मरण पावले. शवविच्छेदनात दोन्ही घुबडांच्या शरीरात उंदीर मारण्याचे विष सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने, विषाऐवजी उंदरांना संततिप्रतिबंधक औषध देऊन पाहण्याचा कायदा संमत केला. तो फ्लॅकोच्याच नावाने ओळखला जातो.