महारोगी सेवा समिती : वरोऱ्याच्या एका संस्थेची कुळकथा

महारोगी सेवा समिती, वरोरा ही संस्था मुरलीधर देविदास उर्फ बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केली. चंद्रपूर जिल्ह्यातील आनंदवन आणि सोमनाथ, नागपूरजवळचे अशोकवन, गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा आणि नागेपल्ली ही सगळी या एकाच समितीची ठाणी. लोक मात्र तिला तिच्या नावाने क्वचितच ओळखतात. ते ‘आनंदवन’ म्हणतात, ‘हेमलकसा’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘आमट्यांची संस्था’ म्हणतात. यांतले शेवटचे नाव कायद्याने चुकीचे आणि व्यवहाराने खरे आहे.

‘महारोग’ हा शब्द आज कानाला खटकतो. आयुर्वेदाने आठ दुर्धर व्याधींना ‘महागद’ म्हटले. वातव्याधी, प्रमेह, मूळव्याध, भगंदर यांच्या पंक्तीत कुष्ठही बसले होते. मराठीत मात्र ‘महारोग’ हे नाव एकट्या कुष्ठालाच कायमचे चिकटले. दुसरा रुळलेला शब्द ‘रक्तपिती’. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये शोधून काढला, तरी तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ही समजूत टिकून राहिली. सरकारची दृष्टीही फारशी वेगळी नव्हती. १८९८ च्या कायद्याने रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याची मुभा पोलिसांना दिली. पुढे सरकारी कागदपत्रांत ‘कुष्ठरोग’ हा सौम्य शब्द रूढ झाला. समितीने आपले जुने नाव ठेवले.

विदर्भात हे काम नवे नव्हते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली होती. त्यांच्यामागे विनोबांची प्रेरणा होती. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन १९४६ पासूनचे. गांधी-विनोबांच्या वर्ध्यापासून वरोरा काही फार लांब नाही, आणि समितीचे कूळ याच परिसरात सापडते. बाबांनी रुग्णसेवेचे पहिले धडे दत्तपूरलाच घेतले.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, जमीनदार घराण्यात झाला. वरोऱ्याला वकिली, शिकारीचा शौक, गाडी, असा थाट होता. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झाले. त्याच पुढे साधनाताई. त्याच सुमारास बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी मैल्याची टोपली स्वतः डोक्यावर घेतली. या कामात एका पावसाळी रात्री त्यांना गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम दिसला. रोगाच्या शेवटच्या अवस्थेतला, बोटे झडलेला तो माणूस पाहून बाबा घाबरून पळाले. नंतर परत गेले, आडोसा केला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या आयुष्यावर लिहिणारे सगळे तुळशीरामाच्या भेटीला महत्त्व देतात. खरे महत्त्व पळून जाण्याला आहे, कारण पुढचे सगळे काम त्या भीतीचा माग काढत झाले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. तिथे जंतूवरील प्रयोगासाठी त्यांनी आपले शरीर देऊ केले. त्यांना रोग झाला नाही.

वरोऱ्याबाहेर सरकारने ५० एकर माळ दिला. दगड, झुडपे, साप, विंचू. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढे भांडवल असल्याचे सांगितले जाते. बरोबर साधनाताई आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले. समर्थ रामदासांमुळे ‘आनंदवनभुवन’ हा शब्द मराठी कानाला सवयीचा होता. त्या माळाला तो देणे म्हणजे मोठे धाडसच.

पहिले काम विहिरीचे. पाणी लागल्यावर भाजी, धान्य, दूध. माल पिकला, पण महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्यात कोण घेणार? बाजाराने पाठ फिरवली. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे तरुण आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांबरोबर जेवले, त्यांच्याबरोबर भिंती उभारल्या. ते पाहून गावची भीड चेपत गेली. परदेशी माणसाने शिवल्यावर आपल्या माणसाची शिवाशिव जावी, यात गंमतही आहे आणि लाजही.

आनंदवनाच्या रचनेमागे रोगाचे स्वरूप आहे. कुष्ठजंतू नसांवर हल्ला करतो. हातापायांची संवेदना जाते. जखम झाली, चटका बसला तरी कळत नाही, ती चिघळते आणि बोटे जातात. १९४० च्या दशकात आलेल्या डॅप्सोनने आणि १९८२ पासूनच्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो, पण मेलेली नस परत येत नाही. म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला हव्यात, हातांना झेपेल असे काम हवे. आनंदवनात टीनचे डबे, हातमाग, सतरंज्या, सुतारकाम, छपाई असे उद्योग एकामागून एक उभे राहिले. दुसरी अडचण औषधाच्या आवाक्याबाहेरची होती. बरा झालेला रुग्ण घरी गेला तर घर त्याला घेत नसे. तेव्हा दवाखान्याला वसाहत व्हावे लागले आणि वसाहतीला गाव. जोडप्यांसाठी सुखसदन, म्हाताऱ्यांसाठी उत्तरायण, पोरक्या मुलांसाठी गोकुळ अशी नावे त्या गावात आली. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही निघाल्या.

कुटुंबाने चालवलेल्या दानसंस्थेचा भारतातला नेहमीचा नमुना टाटांचा. जमशेटजींचा शिष्यवृत्ती निधी १८९२ चा, सर रतन टाटांचा न्यास १९१९ चा, दोराबजींचा १९३२ चा. आधी कारखाने, मग संपत्ती, मग न्यास. वरोऱ्यात हा क्रम उलटा झाला. न्यास आधी आला, मग श्रम, मग जे पिकेल ते. दानाने माणूस लाचार होतो आणि श्रमाने उभा राहतो, हे बाबांचे सूत्र. समितीने देणग्या आणि सरकारी अनुदाने घेतली, भरपूर घेतली. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांच्या मैत्रीमुळे आनंदवनाचे मित्रमेळावे मराठी मध्यमवर्गाच्या पंचांगात जाऊन बसले. मात्र घेणाऱ्याने हातावर हात ठेवून बसायचे नाही, ही अट कायम राहिली.

या सूत्राची सर्वांत ठसठशीत खूण म्हणजे १९६४ चे आनंदनिकेतन महाविद्यालय. ज्या वरोऱ्याने भाजी नाकारली होती, त्याच वरोऱ्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांसाठी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीने आपल्या जमिनीवर कॉलेज उभे केले. पुढच्या वर्षी कृषी महाविद्यालय आले. दाता आणि याचक यांच्या जागा इथे बदलल्या. समितीच्या इतिहासात यापेक्षा मोठी घटना शोधणे कठीण आहे. बाबांना मिळालेले पुरस्कार मात्र तिच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध झाले.

१९६७ मध्ये मूल तालुक्यातल्या सोमनाथला शेतीचा प्रकल्प सुरू झाला. बाबांच्या डोक्यात श्रमिकांचे विद्यापीठ होते. विद्यापीठ काही झाले नाही. त्यातून श्रमसंस्कार छावणी निघाली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात कॉलेजची मुले सोमनाथला कुदळ-फावडे घेऊन राबतात, संध्याकाळी ऐकतात, भांडतात, गातात. महाराष्ट्रात पुढे सामाजिक कामात पडलेल्या अनेकांची पहिली ओळख इथलीच.

हेमलकसाही याच काळातला. प्रकाश आमटे नागपूरला वैद्यकीचे शिक्षण घेत असताना बाबा कुटुंबाला भामरागडला घेऊन गेले होते. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळचा तो माडिया गोंडांचा मुलूख. अंगावर फारसे कपडे नाहीत, पोटात पुरेसे अन्न नाही, बाहेरचा माणूस दिसला की जंगलात पळणारे लोक. इथे काम करायचे बाबांच्या मनात होते. ते मी करतो, असे प्रकाश म्हणाले. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. लोक संस्कृतातला, बिरादरी फारसीतली, बंधुभावाचा अर्थ दाखवणारी. जोड शब्द बाबांच्या स्वभावाला धरून आहे. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला.

डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी झोपडीत राहिले. सुरुवातीला रुग्ण येईनात, भाषा कळेना. माडिया ही द्राविडी कुळातली बोली, मराठीच्या आधाराने ती समजत नाही. दोघे ती शिकले. लोकांच्या अंगावर कपडे नसताना आपण सगळे घालायचे कसे, म्हणून प्रकाश अर्ध्या चड्डीवर आणि बनियनवर आले. तोच पुढे त्यांचा कायमचा वेश झाला. मग रुग्ण येऊ लागले, मैलोन्मैल चालत, खाटेवर घालून, कावडीवर. मेंदूचा मलेरिया, अस्वलाने फाडलेले चेहरे, अडलेली बाळंतपणे. मंदाकिनी भूलतज्ज्ञ, पण तिथे विशेषज्ञ होऊन चालत नव्हते; जे येईल ते करावे लागे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की बाहेरच्या जगाशी संबंध तुटे, त्यामुळे आलापल्लीजवळच्या नागेपल्लीला मधला मुक्काम हवा झाला. हेमलकशात १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली.

हेमलकशातले प्राण्यांचे अनाथालय कोणत्याही योजनेत नव्हते. माडिया पोटासाठी शिकार करतात. मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून प्रकाशांनी ते मागून घेतले. मग शिकारी पिल्ले आणून देऊ लागले आणि बिबटे, अस्वले, हरणे, साप हेमलकशात नांदू लागले. एका बाजूने हे भूतदयेचे काम, दुसऱ्या बाजूने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीत बसवायला अवघड. प्रकाश आणि मंदाकिनी यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्ये मिळाला होता.

सार्वजनिक न्यास मुलाला वारशाने मिळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये त्याची नोंदणी होते, हिशेब तपासले जातात, आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. तरीही आमट्यांच्या तीन पिढ्या कारभारात राहिल्या, याचे कारण त्यांचा तिथला मुक्काम. बाबा १९९० मध्ये नर्मदा आंदोलनासाठी मध्य प्रदेशात कसरावदला जाऊन राहिले तेव्हा आनंदवनाची धुरा डॉ. विकास आणि त्यांच्या पत्नी डॉ. भारती यांच्याकडे होती, हेमलकशाची प्रकाश आणि मंदाकिनी यांच्याकडे. तिसऱ्या पिढीत आनंदवनात कौस्तुभ आणि डॉ. शीतल, हेमलकशात डॉ. दिगंत, डॉ. अनघा, अनिकेत, समीक्षा आले. घर आणि संस्था एकच असण्याची किंमतही असते. मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या डॉ. शीतल यांचे ३० नोव्हेंबर २०२० रोजी निधन झाले. त्याआधी काही दिवस कुटुंबातील मतभेद वर्तमानपत्रांत आले होते.

बाबांचे निधन ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरले. साधनाताई ९ जुलै २०११ रोजी गेल्या. कुष्ठरुग्णाला पकडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण उरले नाही. समितीचे नाव अजून ‘महारोगी सेवा समिती’च आहे.