सामाजिक अंतराच्या शिडीची कुळकथा

‘अमक्या लोकांतला माणूस तुम्हाला कुठवर चालेल?’ या प्रश्नाची उत्तरं लॉस एंजेलिसच्या एमरी बोगार्डस या प्राध्यापकाने १९२५ साली सात पायऱ्यांवर बसवली. लग्नसंबंधातून नातलग म्हणून चालेल. क्लबात जिवलग दोस्त म्हणून चालेल. गल्लीत शेजारी म्हणून, धंद्यात बरोबरीने काम करणारा म्हणून, देशाचा नागरिक म्हणून, नाहीतर नुसता पाहुणा म्हणून. आणि सातवी पायरी : देशातच नको. फार विचार करायचा नाही, मनात पहिलं येईल तिथे खूण करायची. पूर्वग्रह आकड्यांत धरण्याचा सामाजिक मानसशास्त्रातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न, आणि थोड्याफार फरकाने ही शिडी आजही जगभर वापरात आहे.

पाठ्यपुस्तकात या शिडीचं कूळ तीन नावांत उरकतं. बर्लिनमध्ये जॉर्ज झिमेल शिकवत होते. जवळ असूनही लांबचा वाटणाऱ्या ‘परक्या’वरचं त्यांचं प्रसिद्ध लेखन १९०८चं. त्यांची व्याख्यानं ऐकून आलेले रॉबर्ट पार्क आधी पत्रकार होते, पुढे शिकागोत प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वंशसंबंधांची पाहणी सुरू झाली तेव्हा पार्क तिचे प्रमुख होते आणि बोगार्डस त्यांचे सहकारी. पार्कनी कल्पना सुचवली, बोगार्डसनी तिचं मोजमाप बनवलं. इथवर कुणाचा वाद नाही.

माझा वाद सुरू होतो तो ९ मे १९१६ या तारखेपासून. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. जात म्हणजे स्वतःचं दार लावून घेतलेला वर्ग, हा त्याचा मुख्य मुद्दा सगळ्यांना ठाऊक आहे. पण एकाने दार लावलं तर बाकीच्यांनीही का लावलं? याचं उत्तर देताना आंबेडकर गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताच्या अनुकरणाच्या नियमांकडे वळतात. तार्दचा ग्रंथ १८९०चा. १९०३ साली तो इंग्रजीत आला, आणि त्याला प्रस्तावना होती कोलंबियातल्याच गिडिंग्ज यांची. वरच्यांचं अनुकरण खालचे करतात, आणि अंतर जितकं कमी तितकं अनुकरण जास्त, असा तार्दचा नियम. हे अंतर मैलांचं नव्हे. माणूस कितीही दूर राहत असो, रोज त्याच्याशी पुष्कळ संबंध येत असेल तर या अर्थाने तो जवळचाच. आंबेडकरांनी तार्दचा हा खुलासा मुद्दाम उद्धृत केला आहे.

पुढे ते जे करतात, ते तार्दनेही केलेलं नाही. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालिकाविवाह या तीन चाली ते मापासारख्या वापरतात. ब्राह्मणांना सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही उचलल्या. त्याहून लांबच्यांनी सक्तीचं वैधव्य आणि बालिकाविवाह. आणखी लांबच्यांनी फक्त बालिकाविवाह. सर्वांत लांबच्यांनी एकही नाही, नुसतं जातीचं तत्त्व. नीट बघा, ही शिडीच आहे. वरच्या पायरीवर जो आहे त्याच्याकडे खालच्या सगळ्या पायऱ्या आहेतच. बोगार्डसच्या मापाची मख्खी हीच : जावई म्हणून चालणारा माणूस शेजारी म्हणून चालतोच. आणि ही शिडी बोगार्डसच्या नऊ वर्षं आधीची आहे.

बोगार्डसनी हा निबंध वाचून आपली शिडी बांधली, असं मी म्हणत नाही. तसा काडीचाही पुरावा नाही. मी म्हणतो ते एवढंच की दोन्ही शिड्यांचा मूळपुरुष तार्द आहे. झिमेलपक्षाचा यावर आक्षेप असतो की तार्दचं अंतर अनुकरणाचं, बोगार्डसचं आपुलकीचं. नाव एक म्हणून वंश एक होत नाही. आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. पण खुद्द झिमेलनी १८९१ साली तार्दच्या या ग्रंथाचं परीक्षण लिहिलं होतं. म्हणजे ‘परक्या’च्या सतरा वर्षं आधी, संबंधांवर मोजायच्या या अंतराची कल्पना त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. तेव्हा झिमेलची वाट धरली तरी आपण बहुधा तार्दच्याच दारात पोचतो.

मराठी माणसाला बोगार्डसची शिडी हातात घेतल्याबरोबर एक उणीव दिसते. तिच्यात जेवण नाही! आपल्याकडे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे दोन शब्द वेगळे आहेत, ते उगाच नाहीत. तार्दचा ग्रंथ ज्या वर्षी निघाला त्याच १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहाने केवढं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं; न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही त्यात सापडले. बोगार्डसच्या देशात तरी जेवणाची पायरी नव्हती असं कुठे आहे? १९६० साली ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी सत्याग्रहाला बसले ते एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवरच. सर्वांत वरच्या पायरीबद्दल मात्र बोगार्डस आणि आंबेडकर दोघांचं एकमत आहे. १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’त आंबेडकरांनी स्पष्ट लिहिलं की सहभोजनाने जात मोडत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह.

आता बोगार्डसच्या शिडीवर आपण कुठे होतो ते पाहू. १९२६ साली त्यांनी १,७२५ अमेरिकनांना तीस मानवसमूहांबद्दल विचारलं. एक म्हणजे सर्वांत जवळ, सात म्हणजे देशाबाहेर. इंग्रजांना सरासरी १.०६ मिळाले. भारतीयांना ३.९१, म्हणजे तिसावा नंबर. तीनच वर्षांपूर्वी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे नागरिकत्वाच्या कायद्यातले ‘गोरे’ नव्हेत, असा निकाल दिला होता. म्हणजे पाचवी पायरी कायद्यानेच काढून घेतलेली. १९६६ साली हीच पाहणी पुन्हा झाली. सगळ्या समूहांची मिळून सरासरी २.१४ वरून १.९२ वर उतरली होती, भारतीयांचा आकडाही २.६२ झाला होता, पण नंबर तिसावाच.

या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही खरं. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर हिंडले. अडीचशेवर हॉटेलं आणि खानावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्राने विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक नको म्हणून कळवलं. १९३४चं हे काम. शिडी तोंडचा शब्द मोजते. आंबेडकरांची शिडी लोक प्रत्यक्षात काय पाळतात ते मोजत होती, आणि माझ्या मते ती त्यामुळेच जास्त भरवशाची आहे.

तो निबंध १९१७च्या मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या आंबेडकरांच्या लेखनाच्या पहिल्या खंडाची सुरुवातही त्यानेच होते. सामाजिक मानसशास्त्र शिकवणाऱ्यांनी बोगार्डसच्या तासाला त्याची शेवटची काही पानं वर्गात वाचून दाखवावीत.