उपग्रहाला न दिसलेली नागली

हरसूलच्या उतारावर नागली-वरईचे तुकडे असतात, मधूनच झाडं. आकाशातून काढलेल्या चित्रात हे शेत दिसेल की जंगल? प्रश्न साधा वाटतो, पण २००६च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. चित्रात शेत नाही, म्हणजे दावा गेला! शेजारच्या गुजरातेत असं झालं. मग २०१३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं, निव्वळ उपग्रहावर दावे फेटाळू नका.

खरं तर २०१२च्या नियमांत हे आलंच होतं. उपग्रहाचं चित्र पूरक पुरावा, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावाच. दावा फेटाळला, तर कारणं सविस्तर द्यायची, दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं. अपिलाला साठ दिवस.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आपण हेच मागतो ना? युरोपचा कायदा २०२४चा. आपला नियम बारा वर्षं आधीचा, फक्त त्याला कुणी तंत्रज्ञानाचा कायदा म्हणत नाही.

पाळला किती जातो, ते वेगळं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत गेले, तेव्हा अडकलेले वनहक्क दावे ही त्यांची एक मुख्य मागणी होती.