चूल, शेगडी आणि हिरवं अंडं



माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने घरामागच्या अंगणात एक भलंमोठं हिरवं अंडं आणून ठेवलंय. जाड सिरॅमिकचं, पोटात कोळसा, खाली एक झरोका, वर एक झरोका आणि बिजागरीचं झाकण. रविवारी तो त्यात कोंबडी धुरावर शिजवतो, मासे भाजतो. मागे त्याने फोनवर विचारलं, "मावशी, आजी निखाऱ्यावर बांगडे भाजायची ते नेमके कसे? माझे बाहेरून करपतात नि आतून कच्चे राहतात." उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला प्रश्न विचारला की उत्तर मुळापासून येणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे! शिवाय तुमच्यापैकीही काहींच्या अंगणात हे अंडं पोचलं असेल. म्हणून सगळ्यांसाठी एकदमच लिहिते.

या अंड्याचं मूळ जपानी आहे. 'कामादो' म्हणजे चूल. भात शिजवण्यासाठी झाकणाची, गोल पोटाची मातीची भट्टी तिकडे वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिच्यात मांस भाजून पाहिलं, चव आवडली आणि परतताना काहींनी ती घरी नेली. पुढे १९७४ साली एड फिशर नावाच्या गृहस्थाने अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' विकायला सुरुवात केली. साधी माती तडकायची, म्हणून नंतर जास्त टिकाऊ सिरॅमिक आलं. युक्ती मात्र जुनीच राहिली. जाड मातीची भिंत उष्णता धरून ठेवते आणि आच कमी-जास्त होते ती कोळशावर नाही, आत शिरणाऱ्या वाऱ्यावर.

ही युक्ती आपल्याकडे नव्हती असं कोण म्हणेल? राजस्थानात कालीबंगन इथल्या हडप्पाकालीन उत्खननात तंदूरसारख्या भट्ट्या सापडल्या आहेत. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर कल्याणीच्या चालुक्य राजाचं, तिसऱ्या सोमेश्वराचं घ्या. त्याचा 'मानसोल्लास' साधारण ११३० च्या सुमाराचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांना त्याचं नाव परिचयाचं असतं. पण त्यात अन्नभोगाचाही सविस्तर भाग आहे आणि मांस मसाला लावून निखाऱ्यावर भाजण्याच्या कृती आहेत. त्याला शब्द आहे 'भडित्रक'. म्हणजे बार्बेक्यूला नऊशे वर्षांपूर्वीचा आपला शब्द हजर आहे!

राजाचं सोडा, रायगड जिल्ह्यातली पोपटी पाहा. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की अलिबाग-पेणकडे मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात, वर शेंगा, ओवा, मीठ, कोणी अंडी, कोणी मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाणी शिंपडून 'चर्र' झालं की झालं. बंद माती, आतला ओलावा आणि पाल्याचा वास. भाच्याच्या अंड्यात आग आत असते, पोपटीत ती बाहेर असते, एवढाच फरक.

आमच्या मालवणी मुलखात मडकं उपडं करत नाहीत, पण झाकणावर निखारे ठेवतात. तवशाचं धोंडस असंच व्हायचं. गूळ, तांदळाचा रवा आणि किसलेलं तवसं पातेल्यात, पातेलं मंद विस्तवावर आणि झाकणावर निखारे. पाठारे प्रभूंचं भानोळंही वर-खाली निखाऱ्यांवरच होत असे. ओव्हन नव्हता, पण ओव्हनचं काम चालू होतं.

मग शेगडी आली. शहरातल्या चाळीत चुलीला जागा नाही नि सरपणही नाही, तिथे कोळशाची शेगडी. तिला खाली वाऱ्याचं दार, मध्ये जाळी. दारावर पुठ्ठा आडवा लावला की आच मंद, पंख्याने वारा घातला की निखारे लालभडक. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' काढला. उंच डब्यात एकावर एक भांडी आणि तळाला थोडासा कोळसा. सकाळी पेटवून कामाला जायचं, परत येईपर्यंत भात-वरण तयार. खोलीवर एकटं राहणाऱ्या कितीतरी मराठी विद्यार्थ्यांना आणि मास्तरांना त्या कुकरने जेवू घातलं. अलीकडचं त्याचं नातवंड म्हणजे पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचा सराई कुकर. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी या संस्थेला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. आईची रीत आणि अंड्याची रीत शेजारी ठेवून लिहिते.

१. आई ज्वाळेवर काही भाजत नसे. करवंट्या आधी भडभडून जळू द्यायची आणि निखाऱ्यावर राखेची पातळ साय धरली की मगच मासा ठेवायची. अंड्यातही सुरुवातीला दोन्ही झरोके उघडे ठेव. पांढरा दाट धूर संपेपर्यंत काही घालू नकोस. पेटवायला रॉकेल किंवा तसलं तेल वापरू नकोस, माती ते पिते आणि वास पुढे कित्येक दिवस येतो. आमच्याकडे याला नारळाचं सोडण असे.

२. आच हवी तेवढी होण्याच्या जरा आधीच झरोके मिटायला लाग. पत्र्याची शेगडी लगेच निवते, जाड माती एकदा तापली की उतरायला तास घेते. धुरावर सावकाश शिजवायचं तर ११० ते १२० अंश सेल्सिअस पुरे.

३. चुलीला वैल असायचा. आग एका तोंडाशी, पण तिची ऊब शेजारच्या तोंडालाही मिळायची. डाळ वैलावर निवांत शिजे, करपत नसे. अंड्यात निखारे एका बाजूला सार आणि जाड तुकडे दुसऱ्या बाजूला ठेव, म्हणजे तुझा वैल तयार. बांगड्याला चिरा पाडून मीठ, हळद, कोकमाचं आगळ लाव, केळीच्या पानात गुंडाळ आणि आधी वैलावर शिजू दे. शेवटी पान काढून दोन मिनिटं थेट निखाऱ्यावर. करपणार नाही, कच्चाही राहणार नाही. कोंबडी मात्र हाडाजवळ ७४ अंशांपर्यंत तापल्याशिवाय खाऊ नये.

४. चांगल्या कोळशाला धूर जवळजवळ नसतोच. लाकडातला धुराचा अंश कोळसा करतानाच निघून गेलेला असतो. धुराची चव हवी तर कोरड्या लाकडाचे दोन-चार तुकडे निखाऱ्यावर टाक, जास्त नकोत. ओलं किंवा रंग दिलेलं लाकूड तर नकोच. मासा मीठ लावून वाऱ्यावर ठेव, वरची त्वचा जरा चिकट झाली की धूर नीट धरतो. पातळ, निळसर धूर चांगला. दाट धुराने अन्न कडू होतं.

५. फार तापलेलं असताना झाकण एकदम उघडू नकोस. आधी बोटभर फट करून थांब. आत वाऱ्याला आसुसलेले निखारे असतात, एकदम हवा मिळाली की भपकन ज्वाळा तोंडावर येते.

६. झाल्यावर दोन्ही झरोके बंद कर. कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या खेपेला चालतो. आई रात्री विस्तव राखेत पुरायची, वारा कमी मिळाला की निखारा सकाळपर्यंत जिवंत. ज्याच्या घरचा विझला तो शेजारी विस्तव मागायला यायचा. आणि अंडं कधीही घरात किंवा बंद गॅरेजात पेटवू नकोस. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेतच माणूस नेतो.

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण धुराचा इतिहास चवीपुरता सांगितला तर तो अर्धाच राहील.

आमच्या स्वयंपाकघरात चुलीवर एक माच टांगलेला असे. पावसाळ्यात त्यावर सुकी मासळी, मिरच्या, सोलं आणि पुढच्या वर्षाचं बियाणं. कोकणच्या पावसात एरवी सगळ्याला बुरशी धरली असती, पण धुरामुळे ना कीड, ना बुरशी. उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, यावर आमचे पावसाळे निघाले. पण तोच धूर त्याच खोलीत बसलेल्या बाईच्या छातीतही जात होता. माझी आई पन्नाशीतच जिना चढताना धापा टाकायची. आयुष्यात विडी ओढली नाही तिने. डोळे कायम लाल. आम्ही म्हणायचो, "आईचे डोळे नाजूक आहेत."

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत, चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी अशीच समजूत होती. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली.

उपाय सुचले नव्हते असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडली, हैदराबादेत एस. पी. राजूंनी १९५० च्या दशकात निर्धूर चुलीसाठी धडपड केली, १९८३ पासून सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. पण नळी काजळीने भरली की ती साफ कोण करणार, तडा गेला की लिंपणार कोण, हे बहुधा पुन्हा त्या बाईवरच आलं. सुटका केली ती गॅसने. इंडेनचा पहिला सिलिंडर १९६५ मध्ये कलकत्त्यात पोचला, गरीब घरांसाठीची उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. आमच्याकडे गॅस आला तेव्हा आईने जुनी चूल लिंपून, रांगोळी घालून ठेवली आणि पुन्हा कधीच पेटवली नाही. चव गेली म्हणून हळहळणारे घरातले पुरुष होते. ती नव्हती.

म्हणून हमरस्त्यावर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की मला आधी प्रश्न पडतो, चुलीपुढे कोण बसलंय आणि त्या खोलीला धुराडं आहे का?

आमच्या आचऱ्यात गावपळण होते. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातो. तिथे सगळ्यांच्या तीन दगडांच्या चुली. त्या दिवसांतल्या भाकरीची नि सुक्या बांगड्याची चव खरंच वेगळी लागते, मीही मिटक्या मारत खाते. पण तिथे धूर आभाळात जातो. आणि मी पाहिलंय, तिथे पुरुषही फुंकणी हातात घेतात.

मला वाटतं, जुन्या चुलीचं ज्ञान जपायचं असेल तर ते याच अटीवर जपावं. वारा कसा द्यायचा, निखारा कसा राखायचा, धूर किती घ्यायचा, हे सगळं मुलांना आणि मुलींना, दोघांनाही शिकवावं. मात्र ते उघड्यावर आणि हौसेने. रोजच्या पोटासाठी कोणाच्या फुफ्फुसाची किंमत देऊन नको.

तुमच्या गावाकडे वैलाला, चुलीवरच्या माचाला काय म्हणत, आणि विस्तव रात्रभर राखण्याची काही वेगळी रीत होती का, ते जरूर कळवा. हे शब्द आता चुलींबरोबरच चालले आहेत.